कानाला कळणारी पिशवी

"सरू, तुझी पिशवी माझ्या पायावर कशाला गं?" नसरापूरहून भोरला निघालेल्या एसटीत चंद्राबाई करवादली. मागच्या सीटवर पेंगणाऱ्या, त्या दोघींना न ओळखणाऱ्या माधुरीचे डोळे उघडले.

"चंद्राक्का, कचरा निवडायच्या मशीनचा त्यो हात काल सपनात आला. उशाशी बसून एकेक चीज धरायचा अन् इचारायचा, आत्या, ह्ये काय?"

"इचारंल न्हाई तर काय! महिनाभर कचऱ्याच्या शेडात कॅमेऱ्यापुढं धरून तूच शिकवतीयास त्याला. बाटली, पत्रा, पुठ्ठा."

"लई गुणी हाय. एकदा दाखवलं की इसरत न्हाई."

"मग त्या दोन जातीच्या प्लास्टिक पिशव्यांत का चुकतोय? मशीनवाले सायेब डोकं खाजवून दमले."

"दिसायला सारख्याच हायत त्या. चुरगाळून कानाशी धरायच्या. एक कुरकुर करती, दुसरी गप ऱ्हाती."

"अगं, मग सांग की सायबांना!"

बाहेर भातखाचरांवर धुकं तरंगत होतं. माधुरी कान देऊन बसली.

"सरू?"

"सपनात त्येनं बी त्येच इचारलं. म्या झोपेचं सोंग घेतलं."

"का गं?"

"तेवढंच शिकवायचं ऱ्हायलंय, अक्का. त्ये बी शिकला, की आपल्याला कोण बोलवंल?"