मॅडम मागे उभ्या असतात

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. धाकटी शर्ट शिवायच्या कारखान्यातून सुटून आली होती.

“ताई, आज मॅडमना विचारलंच.”

“काय?”

“म्हटलं, तुम्ही सारख्या माझ्या मागे उभ्या असता. माझं काही चुकतंय का? धडकी भरते, मग शिवण वाकडी जाते.”

“अगबाई. मग?”

“म्हणाल्या, ‘अगं, पंख्याचा वारा तेवढ्याच जागी लागतो.’”

“आणि तू नोकरी सोडायला निघाली होतीस.”

“त्याच ओशाळल्या गं. म्हणाल्या, ‘मनात ठेवत जाऊ नकोस.’ मग मीही सांगून टाकलं, कालच्या दोन कॉलर उलट्या लागल्यात.”

“रागावल्या?”

“छे. खुर्ची ओढून शेजारी बसल्या. दोघींनी मिळून उसवल्या.”