दुसऱ्या बशीतले ठोके

—नाही, आधी त्या फोनचा आवाज बंद करा, मग टेका. हां. राग मानू नका. दारावरची बेल मीच काढून टाकलीय, म्हणून ताटकळलात बाहेर. बिघडली होती ती. म्हणजे—बिघडली नव्हती. आता घरचेच होणार तुम्ही, तुमच्यापासून काय लपवायचं. ठकीला अचानक आवाज झालेला चालत नाही. तिला म्हणजे—मला चालत नाही, ती हसते मला. येईलच इतक्यात प्रयोगशाळेतून. पाणी घ्या तोवर.

तिची आई गेली ती बेल वाजली तेव्हाच. सांगितलंय ना तिनं? तेवढं सांगितलंय, बरं. दुपारची जरा आडवी झाली होती, दचकून उठली, आणि दारापर्यंत काही पोचली नाही. कुरिअरवाला आपला बाहेर वाजवतोच आहे. त्याआधीही चक्कर येऊन पडायची, पण डॉक्टर म्हणायचे, अशक्तपणा. ठकीला काही ते पटत नव्हतं. तिचं कामच ते, मूलपेशींचं—मला आपलं तिनं समजावलं तेवढंच कळतं. आईच्या दंडावरचा तीळभर कातडीचा तुकडा घेतला, त्यातल्या पेशींना म्हणे पार जन्मापासून पुन्हा सुरुवात करायला लावली, आणि मग त्यांच्यातून हृदयाचा स्नायू वाढवायला घेतला. आई चिडवायची तिला—दुसरं हृदय करतेच आहेस तर पहिल्यापेक्षा शहाणं कर. तो स्नायू धडधडायला लागायच्या आधीच ती गेली.

मग पोरीनं मला बघायला बोलावलं. आयुष्यभर लोकांना चष्मे विकले मी, पण त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा धीर होईना. काचेच्या बशीत गुलाबीसर पाणी, त्यात दोऱ्याएवढी पट्टी, आणि ती—आखडत होती, सुटत होती, आखडत होती. मधेच थांबायची. अडखळायची. पुन्हा चालू. ‘‘हेच, बाबा,’’ ठकी म्हणाली, ‘‘हेच आईला व्हायचं.’’ काय सांगू तुम्हाला—सगळा संसार त्या ठोक्यांच्या शेजारी झोपून केला, आणि मला कधी ऐकू आलं नाही.

शेजारी आणखी एक बशी होती. ही कुणाची, विचारलं. तर म्हणाली, एका निरोगी बाईची, तुलनेला ठेवलीय. मी पाहिलं. म्हटलं, अगं, हीसुद्धा अडखळतेय. ती हात धुवायला वळली, बाही वर सारली—आणि दंडावर व्रण. आईच्या होता तसाच, तिथेच. मी तिचा दंड धरून बघितला. मग तिनंच मला पाणी आणून दिलं. म्हणाली, ‘‘निरोगी समजूनच घेतली होती, बाबा.’’

आता हृदयाचे डॉक्टर म्हणतात छातीत यंत्र बसवा, ठोका चुकला की धक्का देऊन सावरतं ते. ही गोळ्या घेते, पण यंत्राचं नाव काढू देत नाही. एका नव्या औषधानं आईची पट्टी सुरळीत चालायला लागलीय, आता स्वतःच्या पट्टीवर बघतेय, तेवढं होऊ दे म्हणते. आणि तोवर? मी घरात पातेलं खाली ठेवतो तेही दोन्ही हातांनी. ती डोळे मिटून पडली की दाराशी उभा राहतो—छाती हलतेय ना, बघत. तुम्ही सांगा तिला. माझं नाही ऐकत, तुमचं ऐकेल. लग्न हवं तर पुढे ढकलू, पण आधी ते यंत्र. आणि मुलाबाळांचं म्हणाल तर तेही बोललीय ना ती तुमच्याशी, मुलात हे उतरायची निम्मी शक्यता असते म्हणून—

असे का बघताय?

रविवारी बागेत बोलली ना ती? घरी येऊन म्हणाली मला, सगळं सांगून आले, बाबा, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी तर त्या रात्री इतक्या दिवसांनी पोटभर जेवलो. … फक्त आईचं सांगितलं? एवढंच?

अरे देवा.

हे बघा, बसा तुम्ही—नाही, उठा. उठा, जा. ती यायच्या आत जा, मागच्या जिन्यानं. तुमचा हा चेहरा बघितला तर दचकेल ती, आणि मला तिचं दचकणं—. उद्या या. मी सांगायला लावतो तिला, काहीही करून लावतो. ती सांगेल तेव्हा पहिल्यांदाच ऐकताय असं ऐका.

याल ना उद्या?

निदान मान तरी हलवा.