लहान ते मोठे

आमच्या गोंदियातल्या कारखान्यात राइस मिलचे सुटे भाग बनतात. तिथे खणातून स्वतःच टूल उचलून काम करणाऱ्या दोन नव्या मशीन आल्या होत्या. दोन्हींत सारखंच, कुठल्या नंबरच्या खणात कुठलं टूल ठेवायचं, हे मी महिनाभर डोकं लावून आखलं. एक मशीन बंद पडली तरी तेच काम लगेच दुसरीवर जावं, एवढाच हट्ट. मालक म्हणाले, "पहिला माल नीट निघाला तर तुझी पद्धत. नाही तर दुसरी मशीन विकतो."

पहिला माल विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी लावला. भोक पाडायला बारीक ड्रिल यायचं, तर मशीनने जाडजूड कटर उचलला आणि सरळ लोखंडात घुसवला. आवाज ऐकून मालक आणि शेजारच्या मिलमधले लोक धावत आले.

"टूलं कोणी हलवली?" मी ओरडलो.

"मी," ऑपरेटर ताराचंदभाऊ म्हणाले. "काल पूजेले सप्पा काढले, एकबी नाही सोडलं, धुतले, टिळा लावला."

"आणि परत कशी लावली?"

"लहान ते मोठे, लाइनीत. मस्त दिसून राहिले होते."

"अहो भाऊ, मशीन टूल ओळखत नाही, खणाचा नंबर ओळखते!"

"मंग पूजा नाही कराची का?"

मी आशेने मालकांकडे पाहिलं.

"सवाल तो सही है," ते म्हणाले.

महिन्याभरात दुसरी मशीन विकली. ट्रकवर चढवण्याआधी तिला हार घातला, नारळ फोडला. आतली टूलं तेव्हाही लहान ते मोठी, लाइनीतच होती.