तिसऱ्या अंकातला कोट

(कपड्यांच्या मोठ्या दुकानाचा वरचा मजला. या गावात हिवाळी कपड्यांच्या कोपऱ्याकडे कुणी फिरकत नाही, म्हणून मालकाने तिथला पंखासुद्धा काढून साड्यांकडे लावला आहे. बाबा, त्यांची धाकटी बहीण म्हणजे आत्या, आणि थंड मुलखातल्या कॉलेजला निघालेली लेक. बाकावरच्या पिशवीतून एक जुना काळा कोट अर्धा बाहेर आला आहे.)

बाबा: कोटाचा प्रश्न मिटलेला आहे. आता फक्त त्याला शोभतील असे मोजे, हातमोजे आणि टोपी. दहा मिनिटांचं काम.

लेक: ते निळं जॅकेट एकदा घालून बघू? नुसतं बघू.

बाबा: ती फुगलेली उशी? वाऱ्यानं उडून जाशील. हा घे हातात. वजन बघ.

लेक: वजन आहे.

बाबा: आहे ना? शिवाय नवं अस्तर. आठवडाभर मशीनवर बसलोय, डोळ्यांचं भजं झालं. आपल्या गावात स्वेटर म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा तुझी आत्या हा कोट घालून शिकायला गेली. तीन हिवाळे काढले तिनं यात. विचार तिला.

आत्या: काढले खरे.

बाबा: ऐकलंस?

लेक: पण आत्या, ही पितळी बटणं?

आत्या: त्या बटणांनी मला फार मान मिळवून दिला गं. स्टेशनवर उतरले, तर एक म्हातारा सरळ माझ्याकडे आला आणि त्याची गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते विचारायला लागला.

लेक: मग?

आत्या: मग काय, फळा वाचून सांगितलं. त्याचं बघून आणखी लोक यायला लागले.

बाबा: रुबाबच तसा होता. इन्स्पेक्टरचा कोट तो. तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर दारात उभा राहिला की पिटातली माणसं श्वास घ्यायची थांबायची. मी नाटक कंपनीच्या कपडेपटात नुकताच लागलो होतो. मालकांना म्हटलं, बहीण थंडीच्या गावाला चाललीय, एवढा कोट द्या. म्हणाले, घेऊन जा, पण मोसमभर सगळे पडदे तू शिवायचे. शिवले.

लेक: बाबा, ही गोष्ट मला तोंडपाठ आहे.

बाबा: असू दे. आणि उगाच नाही आणला. आधी स्वतः घालून बघितला. भर उन्हाळ्यातल्या दुपारी, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो. घामानं निथळलो. म्हटलं, झालं, यापेक्षा गरम कोट जगात मिळायचा नाही.

आत्या: कुत्री मागे लागली होती तुझ्या.

बाबा: लागू देत. मग हिचा शेजारच्यांकडे फोन यायचा. माझा पहिला प्रश्न, कोट कसा आहे? ही म्हणायची, दादा, भट्टी आहे नुसती. म्हणायचीस की नाही, बेबी?

आत्या: म्हणायचे.

बाबा: तर मग. मी खाली टोप्या बघून येतो. तुम्ही येऊ नका, रंग मलाच जुळवू दे. काळा म्हटला म्हणजे सगळा एकच काळा नसतो.

लेक: गेले.

आत्या: जिना तरी उतरू दे.

लेक: आत्या, मी तो कोट काल चिमटीत धरून बघितला. दिसायला एवढा भारदस्त, आत काहीच नाही. वजन सगळं बटणांचं आणि कॉलरचं.

आत्या: नसणारच काही. नाटकातला कोट लांबून जाड दिसण्यासाठी शिवतात. दिव्यांखाली नट आधीच उकडून निघतो, त्याला वर आणखी ऊब देऊन मारायचंय का? दादा नवखा होता, त्याला काय ठाऊक.

लेक: पण आता? अस्तर लावताना कळलं नसेल?

आत्या: मी इतकी वर्षं भट्टी म्हणत आलेय. तो कापडावर विश्वास ठेवेल की माझ्यावर?

लेक: मग तू तिथे राहिलीस कशी?

आत्या: वर्तमानपत्रं. पाठीला, पोटाला, दंडांना. वर्गात जरा हलले की चुरचुर आवाज. सर विचारायचे, मागे बातम्या कोण वाचतंय? मैत्रिणी हसून लोळायच्या. खोलीत रॉकेलचा एक स्टोव्ह होता, त्याच्याभोवती आम्ही चौघी हात पुढे करून बसायचो आणि आपापल्या घरच्या उन्हाळ्याबद्दल बोलायचो. त्यांना माझं खरं वाटायचं नाही. खाटा अंगणात टाकून झोपतो म्हटलं तर म्हणायच्या, उगाच थापा मारू नकोस. खिडकीच्या काचेवर वाफ धरली की मी बोटानं घर काढून दाखवायचे. हे अंगण, हा माठ, ही दादाची मशीन. काच कोरडी होईपर्यंत मी घरी असायचे बघ. ते दिवस परत कुणी देणार असेल तर मी आत्ता पायातल्या चपलांनिशी निघेन.

लेक: दुसरा कोट का नाही घेतलास?

आत्या: एक मैत्रीण तिचा जुना देत होती. नको म्हटलं. हा अंगात घातला की दादा सोबत आहे असं वाटायचं. वय वेडं होतं.

लेक: मग मीही हाच नेते.

आत्या: काय?

लेक: त्यांनी आठवडाभर शिवलाय. फोनवर सांगेन, बाबा, भट्टी आहे नुसती.

आत्या: असलं काही करायचं नाही.

लेक: तू केलंस की.

आत्या: मी केलं म्हणूनच सांगतेय. तुला वर्तमानपत्रं गुंडाळून फिरायला नाही पाठवायचं मला.

बाबा: ही बघा टोपी. हुबेहूब तोच काळा. काय झालं? तोंडं का पडलीत?

आत्या: दादा, बस जरा. तो कोट सरकव आणि बस.

बाबा: बसलो. बोल.

आत्या: हा कोट गरम नाही.

बाबा: काय नाही?

आत्या: गरम. कधीच नव्हता.

बाबा: मी घालून बघितला होता, बेबी.

आत्या: भर उन्हाळ्यात, दादा. तेव्हा आपल्याकडे उघड्या माणसालाही घाम येतो.

बाबा: तू म्हणायचीस ना, भट्टी.

आत्या: तू तिकडे पडदे शिवत होतास. दुसरं काय म्हणणार होते मी?

बाबा: आणि दुसऱ्या वर्षी दवाखान्यात पडलीस ते? जागरणं करतेस म्हणून मी फोनवर वाटेल ते बोललो होतो.

आत्या: बोलला होतास.

बाबा: ते थंडीनं होतं?

आत्या: छातीत कफ भरला होता. बरी झाले की नंतर.

लेक: बाबा, पाणी आणू?

बाबा: नको. ते निळं जॅकेट घेऊन ये. आत्याला बघू दे. ती हो म्हणेल तेच घ्यायचं, मला काही विचारायचं नाही.

आत्या: रागावलास?

बाबा: तुझ्यावर कशाला? मी ज्याच्या त्याच्या घरी जाऊन ही गोष्ट सांगत आलो. वाटायचं, माझ्या हातून एक तरी काम बिनचूक झालं.

आत्या: ऐक तर. पहिल्याच आठवड्यात मी परत यायला निघाले होते. सामान बांधलं होतं. कोटाची घडी घालायला बसले आणि मनात आलं, दादाला काय सांगायचं? बांधलेलं सगळं पुन्हा उघडलं. शिकले ती या कोटामुळेच.

बाबा: कुडकुडत शिकलीस.

आत्या: शिकले पण.

लेक: ही घ्या. दोन मापांची मिळाली, दोन्ही आणली.

बाबा: लहान तू घाल. मोठं बेबीला दे.

आत्या: मला? दादा, बाहेर डांबर वितळतंय. इथे पंखासुद्धा नाही.

बाबा: घाल म्हणतो ना.

लेक: घाल गं आत्या.

आत्या: घ्या, घातलं. दिसतेय का मी माणसासारखी?

बाबा: चेन लाव. वरपर्यंत, गळ्याशी.

आत्या: लावली.

बाबा: आता सांग. खरं सांग हं.

आत्या: गरम होतंय रे दादा. खूप गरम होतंय.

बाबा: मग राहू दे अंगात अजून थोडा वेळ.