चिमटीचिमटीनं

दवाखान्यात मी बाळाला खांद्यावर झोपवून बसले होते. मागच्या बाकावर एक वयस्कर बेकरीवाले आणि त्यांची बायको.

"तुमचं प्रेशर पुन्हा तेवढंच, नर्स म्हणाली. दमले बाई मी! चिमटीचिमटीनं जेवणातलं मीठ कमी करत आणलं, तरी."

"तू मुद्दाम कमी केलंस?"

"तुमच्याच धंद्यातली युक्ती. तिकडे परदेशात शेजारशेजारच्या देशांनी मिळून ठरवलं ना, सगळ्यांनी एकदमच पावातलं मीठ हळूहळू कमी करायचं, म्हणजे कुणाचं गिऱ्हाईक तुटणार नाही? गिऱ्हाइकांना पत्ता लागला नाही, म्हटलं तुम्हाला कुठला लागायला!"

"अगं, पीठ चाखण्यात जन्म गेला माझा. लागला की पत्ता."

"मग बोलला का नाहीत? आणि खिशात काय चाचपताय? बघू. अहो, ही मिठाची पुडी?"

"तू पाणी आणायला वळलीस, की भाजीत टाकायचो."

"मला चोरून?"

"तुझ्या आईंचं असंच सुरू झालं होतं. आधी मीठ विसरायच्या, मग गॅस, मग माणसं."

"अगंबाई! म्हणजे मलाही विसर पडतोय, असं वाटलं तुम्हाला?"

"बोललो असतो, तर खचली असतीस."

"म्हणून एकटेच झुरत बसलात! मग उतरेल कसं ते प्रेशर?"

"एवढ्या देशांचे बेकरीवाले एकमेकांना विचारून मीठ काढतात. आपण एका घरात दोघं, आणि..."

"पुरे. पुडी द्या इकडे. उठा, नंबर आला. डॉक्टरांना काय सांगणार आता?"

"सांगतो, बायको ठणठणीत आहे."