हनुवटीवरचा करंट

…तर उपटायलाच नको होता ओ! एकदा उपटला की तो केस राहत नाही, तुम्हाला सांगते, तो दुश्मन होतो. हनुवटीवर एक केस, बारीक, कुणाच्या अध्यात ना मध्यात… असू द्यावा की! पण नाही. वच्छलाचं लग्न उद्यावर आलेलं, केमला, माहेरच्या गावी, दारात मांडव घातलेला, आणि तिची मावसबहीण रंभा, हिला त्या हळदीच्या गडबडीत नेमका तेवढाच दिसावा! "अगं बया, वच्छे, ह्यो काय ग? सोलापूरचा नवरा हाय, हपिसातला हाय, काय म्हणंल? थांब, उपटून टाकते. कुणाला कळतंय!" आणि घेतला चिमटा… टच्!

झालं. सोलापुरात येऊन चार दिवस झाले नाहीत तर तो परत हजर. पहिल्यापेक्षा जाड. परत उपटला, परत आला. पुढं पोरं झाली, वय वाढलं, तसे त्याचे भाऊबंदपण शेजारी राहायला आले, काळे, राठ, नारळाच्या शेंडीसारखे!

आता नवऱ्याला सांगावं की नाही? मानसिंग, तिचा नवरा, गिरणीच्या हपिसात टायपिस्ट, माणूस सोन्यासारखा. पण सांगणार कसं? मला दाढी येते म्हणून? तो उठायच्या आत ही उठायची, न्हाणीत आरसा, हातात चिमटा. आणि त्याचा हात जरा गालाकडं आला, लाडानं ओ, की हिची मान तिकडं! "दूध उतू जातंय." भर दुपारी कसलं दूध? "पोरं बघत्यात." पोरं शाळेत! करता करता तो हात यायचा थांबला. वच्छलाला वाटलं, सुटले बाई. सुटली म्हणे! उपटायलाच नको होता ओ!

मग आणीबाणी उठली त्या साली रंभा सुट्टीवर आली. ती नर्स होऊन अमेरिकेला गेलेली. दारात गळाभेट झाली, आणि बोलता बोलता रंभाची नजर गेली हनुवटीवर. तोंडच उतरलं तिचं. "ह्ये माझ्यामुळं झालं ग, वच्छे." जाताना पिशवीतनं स्वतःसाठी घेतलेली एक डबी काढून हातात ठेवली. आत मशीन! पेनाएवढी दांडी, टोकाला सुई, कुसळासारखी बारीक, मागं बॅटरी, करंट कमीजास्त करायला चकती. "सुई केसाच्या बाजूनं आत घालायची. करंटनं मूळ मरतं. मग केस ओढावा लागत न्हाई, पिकल्या आंब्याचं देठ सुटावं तसा सुटतो. ओढावा लागला तर समजायचं, अजून मेला न्हाई."

ऐकायला किती सोपं! दुसऱ्या दिवशी मानसिंग हपिसात, पोरं शाळेत, वच्छला दाराला कडी घालून बसली. एका हातात सुई. दुसऱ्या हातात ओल्या कपड्यात गुंडाळलेली धातूची नळी, कारण करंटला फिरून यायला वाट लागते. मग आरसा कुणी धरायचा? गुडघ्यांनी! गुडघा हलला की आरशात छत, पंखा, पाल… सगळं दिसतं, हनुवटी सोडून! कशीबशी सुई गेली. मुळाशी पांढरा फेस आला. झालं, मेला! चिमट्यानं धरला… कुठलं देठ आणि कुठला आंबा! टच्! उपटल्यासारखाच निघाला, आणि पुढच्या बाजाराला परत उभा!

बाईला आला राग. चकती फिरवली. परत तेच. आणखी फिरवली… "आई गं!" आरसा पडला, फुटला, आणि हनुवटीवर लाल चट्टा.

संध्याकाळी मानसिंगनं चप्पल काढतानाच विचारलं, "हनुवटीला काय झालं?"

"कढईतलं तेल उडालं."

"कढई काय हनुवटीवर ठिवली हुतीस?"

आणि तुम्हाला सांगते, एवढी वर्षं तोंड मिटून बसलेली बाई, तिला रडूच फुटलं. चिमटा, मशीन, फुटका आरसा, सगळं आणून पुढ्यात टाकलं. "मला दाढी येती ओ! लगीन झाल्यापास्नं येती!"

तुम्हाला वाटेल, हसला असेल. नाही हसला. मांडी घालून बसला आणि हळूच म्हणाला, "म्हणून तोंड फिरवायचीस?"

"व्हय."

"मला वाटलं, तंबाखूचा वास येतोय."

हा माणूस तळहातावर तंबाखू-चुना मळल्याशिवाय टाइपरायटरला हात लावायचा नाही, आणि एक दिवस अचानक त्यानं तंबाखू सोडली होती. हिला वाटलेलं, डॉक्टरनं सांगितलं असेल.

"सोडली," मानसिंग म्हणाला, "तरी तू फिरवायचीसच. मग म्हटलं… मीच आवडत न्हाय हिला. जाऊ दे."

जाऊ दे! दोन माणसं एका ताटात जेवलेली, एका घरात पोरं वाढवलेली, आणि मधे एक केस! उपटायलाच नको होता ओ!

मग मानसिंगनं चष्मा लावला आणि डबीतला इंग्रजी कागद उलगडला. हपिसात साहेबाला वाचून दाखवावा तसा मोठ्यानं वाचला. "ऐक. वरचेवर उपटल्याला केस असंल तर मूळ वाकडं हुतं. सुई जाती सरळ, मूळ ऱ्हातं बाजूला. करंट वाढवू नका. कमीच ठिवा, वेळ जास्त द्या. परत आला की परत करा. आन् आधी उपटायचं बंद करा, केस वाढू द्या."

"वाढू द्या?"

"असं लिवलंय."

वाढवायचे! जे लपवण्यात जन्म गेला ते राखायचे! पदर तोंडाला लावून वच्छला नवी पेठेत जायची. शेजारची ईरम्मा, अक्कलकोटची, तिला सगळ्यांचं बघायचं असतं. "काय ग वच्छला, दात दुखतंय काय?" "व्हय ग." "लवंग धर की." दुसऱ्या दिवशी, "अजून दुखतंय? काढून टाक की ते!" काढूनच टाकायचाय, बाई, पण कागदात 'उपटू नका' म्हणून लिहिलंय!

मग रविवार आले. गच्चीवर कोवळं ऊन, मानसिंगच्या नाकावर चष्मा, एका हातात सुई, दुसऱ्यात तिची हनुवटी. बोटांत धरलेली. त्या हाताची सवय गेलेली ना, वच्छलाची मान आपोआप तिकडं वळायची.

"हलू नगंस."

"न्हाई हलत."

डोळे मिटून बसायची. सुई टोचायची, चुरचुरायचं, पाणी यायचं डोळ्यांतनं… ते सगळं सुईचंच होतं असं नाही. करंट कमी, वेळ जास्त. पहिला केस सुटला, खरंच देठासारखा! दोघं बघत बसले त्याच्याकडं. पुढं आणखी काही गेले, कोणी एका फेरीत, कोणी चार फेऱ्यांत. पण मधला, जाडा, तो हलायला तयार नाही. परत परत तोच!

एका रविवारी मानसिंगचा धीर सुटला. "जरा वाढवू काय?"

कागद म्हणत होता, नको. वच्छला म्हणाली, "वाढवा."

वाढवला. बाईनं दात आवळले, पण हनुवटी सोडवून घेतली नाही. केस गेला. आणि जागेवर दोन ठिपके राहिले, हिरवट काळे, एकाखाली एक. हळद लावली, साय लावली, कशानं जाईनात.

ईरम्मानं जिन्यातच अडवलं. "अय्यो! गोंदून घेतलीस की ग! गड्ड्याच्या जत्रंत?"

"न्हाई. घरीच. ह्यांनी गोंदलं."

"ह्या वयात? नवऱ्याला हौस बघ की!"

"हौस पयल्यापास्नं हुती ग," वच्छला म्हणाली, "मला कळाया येळ लागला."

आणि तो केस? आला ओ! त्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधून, ताठ मानेनं, गोंदणाला देठ फुटल्यासारखा! वच्छलानं मशीन काढलं, बॅटरी उतरलेली, आणि तसली बॅटरी सगळ्या सोलापुरात मिळेना. तिनं चिमट्याकडं बघितलं. मानसिंगनं पेपरातनं मान वर केली, हनुवटी धरली, उजेडाकडं फिरवून नीट बघितलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. घरातलाच हाय."