अर्धी मिशी औषधाची

हसा, हसा, हसून घ्या एकदाचं! एसटीतनं उतरल्यापास्नं बघतोय, जो तो माझ्या नाकाखाली बघतोय, डोळ्याला डोळा कोन दीना. "सुभेदार, मिशी कुठं?" "सुभेदार, वैनींनी काढाय लावली काय?" एकजन तर आवाज बारीक करून म्हनतोय, "सुभेदार, घरात कुनाचं काय झालं काय वो?" आवं कुनाचं काय झालं न्हाई! सगळी ठनठनीत हाईत, दोन टाइम जेवत्यात, मलाच काय ते झालंय!

बत्तीस वर्सं, तुमास्नी सांगतो, बत्तीस वर्सं हुती ही मिशी. बरफात हुती, वाळवंटात हुती, पलटनीचे साहेब आले आन् गेले, मिशी जागेवर. आन् काढली कुनी? माझ्या सख्ख्या पोरीनं, राजेश्वरीनं! तिच्या पार्लरच्या खुर्चीत बसवून, गळ्याला फुलाफुलाचा टावेल बांधून. आन् वर मला म्हनती, "आबा, हलू नका." मला! जोतीरामला! उभ्या हयातीत लोकांस्नी सावधान म्हनत आलो मी, आन् त्या खुर्चीत असा बसलो... असा... हूं न्हाई का चूं न्हाई.

पन चूक माझी हाय. कबूल. आन् ती काय आजची न्हाई, माझ्याच द्राक्षबागेतली हाय. पोरगी तवा चौथीला हुती, मी महिन्याच्या सुट्टीवर आलेलो. तासगावातनं एक औषधवाला आला, गाडीभर बाटल्या, गोड बोलनं, "काका, एकदा फवारा मारा, घड कसा फुगतोय बघा!" आमचा शेजारी आकाराम, लय उतावळा गडी, त्यानं घेतली बाटली आन् दुपारच्या आत सगळी बाग मारून हात धुऊन मोकळा. मी काय केलं? एक ओळ. हिरीकडची पयली ओळ मारली, शेजारच्या ओळीला थेंब न्हाई. आन् मग आठ दिवस रोज सकाळी पोरीच्या हाताला धरून त्या दोन ओळींमदनं फिरायचो, तिला सांगायचो, पान वरनं बघायचं न्हाई बाई, वरनं सगळी पानं हिरवीच दिसत्यात, उलटं करून खालनं बघायचं. पाचव्या दिवशी ओळ करपली. तिकडं आकारामची बाग करपली. पोरगी म्हनली, "आबा, त्या मानसाला ठावं न्हवतं व्हय?" मी म्हनलं, "त्याला इकायचं ठावं हुतं. बघायचं आपल्याला ठावं पायजे. आदी एक ओळ, मग बाग." म्हनलो आन् इसरलो. मला काय ठावं ही पोरगी त्याचा कायदा करनार हाय!

पुढं सांगलीला जाऊन पार्लरचा कोर्स केला, परत येऊन गावच्या स्टँडासमोर पार्लर टाकलं, आन् मोबाईलवर 'राजेश्वरी खरं सांगते' म्हनून च्यानल चालू केलं. बाजारात नवं काय आलं, क्रीम म्हना, पावडर म्हना, केसाचं तेल म्हना, मी आपलं सगळ्याला औषधच म्हनतो, तर ते औषध आलं की ही काय करती? तोंडाची मधनं वाटनी! डाव्या गालाला औषध, उजवा गाल बिगरऔषधाचा. आठ दिवस. तवर कंपनीचं नाव घेत न्हाई, बरं म्हनत न्हाई, वाईट म्हनत न्हाई. आठव्या दिवशी काय ते खरं सांगती. सत्तर हजार मानूस बघतंय तिला, सत्तर हजार! आमच्या पलटनीत एवढं न्हवतं.

पन तपासायला तोंडं किती लागत्यात? तिचं स्वतःचं एक संपलं, मग तिच्या आईचं. आमच्या अंजनाचं. ती गोरं करायची क्रीम आली, 'आठ दिवसांत फरक', अंजनाच्या डाव्या गालाला चोळली. आठव्या दिवशी पोरगी बॅटरी लावून बघती, डावीकडनं बघती, उजवीकडनं बघती, मला म्हनती, "आबा, काय फरक?" मी म्हनलं, "काय न्हाई गं, लगीन झालं तवा हुती तशीच हाय." झालं! तेच तिनं जसंच्या तसं मोबाईलवर सांगितलं! आन् अंजना मला दोन दिवस बोलली न्हाई, का, तर म्हनं, "तशीच म्हंजे काय वो?" आता बगा, ह्याच्यात माझं काय चुकलं?

मग ते काजळ. 'पान्यानं जात न्हाई, घामानं जात न्हाई.' पोरगी म्हनली बघू. बेदाना पिवळा पडावा म्हनून त्याला गंधकाची धुरी दिल्याली, खोलीचं दार उघडायच्या वक्ताला आईला काजळ घालून आदी शेडच्या भाईर हुबी केली. दार उघडलं, तो वास आला, अंजनाच्या डोळ्यांतनं ह्या धारा... आन् काजळ? काजळ हनवटीवर! मीच तिला रडवलं असं वाटून शेजारच्या बाया पळत आल्या. ते ओठाला लावायचं, 'चोवीस तास टिकतं'. आमच्याकडं चोवीस तासात च्या किती वेळा हुतोय, कंपनीला काय कल्पना! तिसऱ्या कपाला सगळं बशीवर. श्यांपूच्या जाहिरातीत बाई धबधब्याखाली न्हाती, फेसच फेस. आमच्या बोअरच्या पान्यानं न्हा म्हनावं! निम्मी बाटली वतली तवा कुठं चार बुडबुडे, आन् केस कसे, तर काथ्या. आन् कांद्याचं तेल! आवं लोनंदच्या बाजारात कांदा पोत्यानं पडून असतोय, कोन वळून बघत न्हाई, आन् तोच बाटलीत गेला की बाया फोटो काढत्यात त्याच्याबरोबर. त्याचं मातूर तिनं सांगितलं, डोईला गारवा देतंय, केस बी मऊ पडत्यात, पन नवा केस एक उगवला न्हाई. जे बरं ते बरं म्हनती, हां! उगीच कुनाच्या पोटावर पाय देत न्हाई. आदी एक ओळ, मग बाग.

तर अशी तोंडं संपली, आन् एक दिवस माझ्याकडं बघाय लागली. तुमास्नी सांगतो, शत्रूनं दुर्बिनीतनं बघितलं तरी एवढं भ्या वाटत न्हाई! "आबा, केस काळं करायचं नवं आलंय, कंपनीनंच तपासाय धाडलंय. तुमची मिशी झकास पिकलीया. मधनं भांग हायच." मी न्हाई म्हनलं. मग म्हनती, "ठीक हाय, तुमीच शिकवलं, तुमीच न्हाई म्हना." बसलो की खुर्चीत! डावी मिशी काळीभोर, उजवी पांढरीफेक. आठ दिवस फडक्यानं बी पुसायची न्हाई. डावीकडनं बघितलं तर जवान, उजवीकडनं बघितलं तर पेन्शनर. आकाराम तर रोज दोन्ही बाजूनं बघून जायचा.

तेबी सोसलं असतं वो. पन सहाव्या दिवशी साताऱ्याला माजी सैनिकांचा मेळावा, आन् सत्कार कुनाचा? माझा. शाल, नारळ, फोटो. आन् म्हसवडचा नाथाजी येनार, माझ्याच पलटनीतला. ह्या नाथाजीनं तीस वर्सं मला मिशीवरनं छळलंय. तो अर्धी मिशी बघंल आन् गप बसंल? सगळ्या मेळाव्याला माईकवरनं सांगंल! पोरगी तीन दिवस नवऱ्या सजवायला सांगलीला गेलेली. मी म्हनलं, आठातलं दोनच दिवस तर ऱ्हायल्यात, कुनाला काय कळतंय...

स्टँडाजवळनं काळी पुडी आनली, साधी, आमचा न्हावी वापरायचा ती. भर दुपारी हिरीवरच्या मोटारीच्या खोलीत गेलो, डब्याच्या झाकनात कालवली, दात घासायचा ब्रश घेतला, फटफटीच्या आरशात बघून उजवी बाजू रंगवून काढली. आन् मी, मी बरं का, ज्यानं सगळ्यांस्नी शिकवलं, त्यानं पुडी आदी चार केसांवर तरी बघावी? छ्या! डायरेक्ट बाग मारली!

साताऱ्यात मातूर काय थाट झाला म्हनून सांगू! नाथाजी बघतच ऱ्हायला, "जोत्या, लेका, तू तर भरतीला आल्यागत दिसतोयस." शाल पडली, फोटो निघाला, फोटो गेला मोबाईलवर, एकाकडनं धाला, धाकडनं हजाराला... आन् आठव्या दिवशी सकाळी दारात गाडी. रंगाच्या कंपनीचा साहेब, पुन्याहून. अनीश नाव, पोरगं चिकनं, बोलनं अगदी लोन्यागत, "सर, काय मिशी आहे हो! आम्हाला पोस्टरवर हीच हवी. आणि राजेश्वरी मॅडम वर्षभर आमच्या जाहिरातीत. सांगलीत मोठं पार्लर आम्ही उघडून देऊ!" सांगलीत पार्लर! पोरीचं तेच तर सपान, कोर्स करताना त्या रस्त्यानं जाताना दुकानं बघत जायची. म्हनलं, आता कसं, गप बसायचं जोतीराम, मिशी काळी हाय, पोरीचं सोनं हुतंय.

तेवढ्यात राजेश्वरी आली. पिशवी खाली ठेवली, माझ्याकडं बघितलं. साहेब उठून हुबा, माझ्या मिशीला बोट लावून दावतोय, "मॅडम, ही बाजू बघा! आठ दिवस झाले, धुतली, घाम आला, तरी काय काळीभोर आहे! हा आमचा फॉर्म्युला!" आन् बोट कुठल्या बाजूला? उजव्या! त्या न्हाव्याच्या पुडीच्या! त्याच्या कंपनीची डावी बाजू तवर तांबूस पडल्याली, मक्याच्या केसागत, ती त्यानं बघितली बी न्हाई.

पोरगी म्हनली, "आबा, उजव्या बाजूला कुठलं औषध हाय?" तुमास्नी सांगतो, हितं माझी जीभ घसरली. बत्तीस वर्सांत न्हाई घसरली ती घसरली. मी म्हनलं, "तेच. तूच लावलंयस की."

पोरगी जवळ आली, हनवटीला हात घातला, मान वर केली, आन् मिशी उलटी करून... खालनं बघितली. आवं, पान बघतोय तशी! म्हनली, "ही पुडी हाय, आबा." एवढंच. माझी मान तिथंच खाली जानार हुती, पन हनवट तिच्या हातात.

साहेब लगीच म्हनला, "मॅडम, कोणाला कळणार आहे? फोटो तर छान आलाय. आपलं आपल्यात ठेवू." तिनं मोबाईल हातात घेतला, खुर्चीवर मला बसवलं, आन् लाइव्ह! सत्तर हजार! "नमस्कार. ह्या रंगाबद्दल आज मी काही सांगू शकत नाही. तांबूस पडतो असं दिसतंय, पण तपासणी पुरी झाली नाही, म्हणून चांगला म्हणणार नाही, वाईटही म्हणणार नाही. कारण ज्या बाजूला काही लावायचं नव्हतं, त्या बाजूला माझ्या वडिलांनी चोरून दुसरा रंग लावला. आणि मी विचारल्यावर ते खोटं बोलले. तुमचा विश्वास आहे म्हणून सांगतेय." आन् मोबाईल माझ्याकडं फिरवला. "आबा, बोला." मी हुबा ऱ्हायलो, टाचा जुळवल्या आन् म्हनलं, "खरं हाय."

साहेबाची गाडी गेली. करार गेला. सांगलीचं पार्लर गेलं. नाथाजीचा फोन आला, पाच मिन्टं नुसता हसतोय, शब्द न्हाई. अंजना चुलीम्होरनं म्हनती, "बरं झालं, माझ्या गालाला नावं ठेवत हुता न्हवं?" आन् मी हिरीवर जाऊन बसलो. लाज वाटत हुती, झूट कशाला बोलू. पन खरं सांगू? लाजेच्या वर आनिक काय तरी हुतं. छाती अशी भरून आल्याली. शाल घालताना न्हवती आली एवढी. म्हनलं, बापाला सोडलं न्हाई पोरीनं! सत्तर हजारांत सोडलं न्हाई! ही माझी पोरगी, माझ्या त्या ओळीतनं हाताला धरून चालवल्याली. रडलो मी. हां, रडलो, त्यात काय? काजळ न्हवतं घातलं.

दुसऱ्या दिवसापास्नं पार्लरम्होरं बाया मावंनात. तासगावच्या, पलूसच्या, मिरजंच्या. एक म्हातारी आटपाडीहून आली, म्हनली, "जी बापाला पाठीशी घालत न्हाई ती मला काय फसवनार?" आन् पंधरा दिवसांनी तोच साहेब परत आला, मान खाली घालून. "मॅडम, आम्ही रंग सुधारलाय. तपासा. जे दिसेल ते सांगा, आमची हरकत नाही."

सांगा आता, कुनाच्या पोरीम्होरं कंपनी अशी हात बांधून हुबी ऱ्हाती? सांगा की! मी तर छाती काढून पार्लरात गेलो, म्हनलं, शाब्बास गं माझ्या वाघिनी, कुनावर तपासतीस आता? तर तिनं काय करावं? तो फुलाफुलाचा टावेल झटकला... आन् खुर्ची माझ्याकडं फिरवली. "आबा, ह्या मिशीत दोन रंग मिसळल्यात, ही बाद. मुळापास्नं काढायची, नवी पांढरी येऊ द्यायची, आन् मग डावी औषधाची, उजवी बिगरऔषधाची. ह्या वक्ताला आठ न्हाई, चाळीस दिवस. हलू नका."

तर आता उगवायला लागलीया, हे बगा, हितं जरा हात लावून बगा, टोचतीया. म्हैन्याभरात तयार हुईल म्हनती. पिकाचं काय न्हाई वो, पीक माझं जोरात हाय. आन् सगळीकडं तिचं नाव झालं, बाया तिचं ऐकून घेत्यात, तिचं ऐकून सोडत्यात... आदी एक ओळ, मग बाग. बाग सगळ्या जिल्ह्याची, तुमास्नी सांगतो.

आन् ओळ? ...ओळ मी हाय.